खाडीतले कालव भर समुद्रात कसे गेले?

1965 साली अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासमोरील समुद्रतळाविषयी एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. किनाऱ्यापासून दूर, 14 ते 82 मीटर खोलीवर, एकूण 71 ठिकाणी कालवांचे जुने शिंपले सापडल्याची नोंद त्यात होती. समुद्राच्या तळाशी शिंपले मिळाले यात नवल ते काय, असे वाटणे साहजिक आहे. पण नवल शिंपल्यांचे नव्हते, त्यांच्या जातीचे होते. तिथले हे कालव खाडीत वाढणारे आहे. नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी जिथे मिसळते, जिथे ओहोटीला कालवांचे थर उघडे पडतात किंवा त्यांच्यावर फार तर दोन-चार पुरुष पाणी उरते, तिथे त्याची वस्ती असते. पूर्ण खाऱ्या पाण्यात शिंपले पोखरणारे स्पंज आणि त्यांना भोके पाडून आतले मांस खाणाऱ्या समुद्री गोगलगाई त्याला सुखाने जगू देत नाहीत. 82 मीटर म्हणजे साधारण पंचवीस मजली इमारतीची उंची. इतक्या खोल, उघड्या समुद्राच्या तळावर खाडीतले कालव पोहोचले कसे?

किरणोत्सारी कार्बनच्या पद्धतीने वय काढले, तेव्हा हे कालव 8,000 ते 11,000 वर्षांपूर्वी जिवंत होते असे दिसले. याच समुद्रात मासेमारीच्या जाळ्यांत मॅमथ आणि मॅस्टोडॉन या हत्तीच्या नामशेष भाऊबंदांचे दातही येत असत. हत्ती पोहू शकतो हे खरे, पण तो समुद्राच्या तळावर चरू शकत नाही.

याचा उलगडा दोन प्रकारे करता येतो. कोणीतरी, म्हणजे लाटांनी, प्रवाहांनी किंवा वादळांनी, शिंपले खाडीतून उचलून खोल समुद्रात नेऊन टाकले असतील. किंवा शिंपले बहुतांशी होते तिथेच राहिले असतील आणि खाडीच तिथून उठून गेली असेल. दुसरे उत्तर ऐकायला विचित्र वाटते, पण खरे तेच आहे. पहिल्या उत्तरातही थोडे तथ्य आहे, आणि त्या थोड्या भागाची यंत्रणा समजून घेतल्याशिवाय दुसरे उत्तर नीट पटत नाही.

आधी पाण्याची पातळी पाहू. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, उत्तर अमेरिका आणि युरोप यांच्या मोठ्या भागांवर काही किलोमीटर जाडीचा बर्फ साचलेला होता. हे सारे पाणी समुद्रातूनच गेलेले असल्यामुळे जगभरच्या समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. पुढे बर्फ वितळत गेला आणि पाणी चढत गेले. साधारण 7,000 वर्षांपूर्वी ही चढण बरीचशी थांबली. सरासरी काढली तर वर्षाला 1 सेंटीमीटर पडते, मात्र ही सरासरी फसवी आहे. चढण सारख्या वेगाने झाली नाही. सुमारे 14,500 वर्षांपूर्वी काही शतकांतच समुद्र 15 ते 20 मीटर चढला, तर मधल्या काही काळात तो रेंगाळला.

खंडांच्या कडेला जो उथळ, मंद उताराचा भाग आज पाण्याखाली आहे, त्याला भूगोलाच्या पुस्तकात भूखंडमंच किंवा समुद्रबूड जमीन म्हणतात. मुंबईसमोर हा मंच सुमारे 300 किलोमीटर रुंद आहे आणि त्याची बाहेरची कड साधारण 100 मीटर खोलीवर आहे. म्हणजे उतार 3,000 मीटरला 1 मीटर, जवळजवळ सपाटच. अशा जमिनीवर पाणी 1 सेंटीमीटर चढले की किनारा 30 मीटर आत सरकतो. भातखाचराचा बांध फुटल्यावर पाणी जसे उंचीने वाढण्याआधी पसरताना दिसते, तसेच हे. खाडी, पुळण, कालवांच्या वस्त्या आणि किनाऱ्याची माणसे असली तर तीही, अशा सगळ्यांना पिढ्यानुपिढ्या मागे सरकावे लागले. कालव स्वतः चालत नाही, पण त्याच्या अळ्या पाण्यात तरंगतात आणि योग्य जागा मिळाली की तिथे चिकटतात. त्यामुळे वस्ती आत सरकत गेली आणि मेलेल्यांचे शिंपले मागे राहिले.

आता पहिल्या उत्तराकडे वळू. समुद्र शिंपला हलवतो तो कसा? यासाठी घरच्या घरी करता येण्याजोगा एक प्रयोग आहे. तिसऱ्या (खाण्याच्या शिंपल्या) खाऊन झाल्यावर एक शिंप धुऊन घ्यावी, पाण्याने भरलेल्या खोल बादलीत ती वरून अलगद सोडावी. ती झोके घेत, पानासारखी हेलकावत खाली जाते आणि बहुतेक वेळा वाटीसारखी उताणी टेकते. मग तीच शिंप परातीत थोडी वाळू व पाणी घेऊन उताणी ठेवावी आणि परात हळूहळू झुलवावी. पाण्याचा वेग एका मर्यादेपुढे गेला की शिंपेची वर आलेली कड प्रवाहात अडकते आणि शिंप पालथी होते. एकदा पालथी झाली की ती घुमटासारखी बसते, पाणी तिच्यावरून निघून जाते आणि तिला हलवायला आधीपेक्षा बराच जास्त वेग लागतो. पुळणीवर फिरताना बहुसंख्य शिंपा पालथ्या दिसतात त्याचे कारण हेच आहे. खडकाच्या थरात अडकलेल्या प्राचीन शिंपा उताण्या आहेत की पालथ्या, यावरून तिथले पाणी संथ होते की वाहते, हे भूशास्त्रज्ञ याच युक्तीने ओळखतात.

शिंपेचे वजनही ध्यानात घ्यावे. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि हा पदार्थ वाळूतल्या गारेपेक्षा, म्हणजे क्वार्ट्झच्या कणांपेक्षा, किंचित जडच असतो. मात्र पसरट आकारामुळे शिंप पाण्यात हळू बुडते, उचलली गेली तर दूर जाते आणि एकदा पालथी पडली की हटून बसते. एकाच जातीच्या डाव्या आणि उजव्या शिंपा एकमेकींच्या आरशातील प्रतिमांसारख्या असल्यामुळे तिरप्या लाटेत त्या वेगवेगळ्या दिशांना वळतात, आणि काही पुळणींवर एका ठिकाणी डाव्या शिंपांची तर थोड्या अंतरावर उजव्या शिंपांची संख्या जास्त भरते.

लाट तळाला किती खोलवर हात घालते, याचेही एक साधे गणित आहे. साधारणपणे लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत तिची हालचाल जाणवते. 8 ते 10 सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या पावसाळी लाटांची खोल समुद्रातील लांबी 100 ते 150 मीटर असते, म्हणून त्यांचा स्पर्श 50 ते 75 मीटरपर्यंत पोहोचू शकतो. पण तेवढ्या खोलीवर तो नुसता स्पर्श असतो. शिंपला उचलून नेण्याचे बळ त्यात नसते. खरे काम उथळ पाण्यात होते. तिथे लाटेचा माथा पुढे जाताना तळावरचे पाणी थोडा वेळ पण जोराने किनाऱ्याकडे ढकलले जाते आणि मग जास्त वेळ पण संथपणे मागे येते. जड कणांना पुढचा धक्का हलवतो, मागचा ओढा हलवू शकत नाही. त्यामुळे शिंपले आणि जाड वाळू हळूहळू किनाऱ्याकडे येतात आणि बारीक गाळ तरंगत बाहेर जातो. वादळात मात्र किनाऱ्यावर साठलेले पाणी तळालगत जोराने परत फिरते आणि पुळणीचा बराच माल बाहेर ओढून नेते. उघडिपीच्या दिवसांत त्यातला काही परत येतो. पावसाळ्यात खंगलेली आणि हिवाळ्यात पुन्हा भरलेली पुळण कोकणात पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

या सगळ्या ओढाताणीत शिंपला किती लांब जातो? अपेक्षेपेक्षा कमी. मेलेल्या शिंपल्यांची मोठी बहुसंख्या आपल्या जातीच्या वस्तीतच किंवा तिच्या आसपास राहते, असे निरनिराळ्या समुद्रांतील पाहण्यांतून वारंवार दिसून आले आहे. शंखात बिऱ्हाड करणारे खेकडे काही शंख इकडेतिकडे नेतात आणि प्रवाह काही नेतात, पण संपूर्ण वस्ती उचलून 60-70 मीटर खाली नेणारी कोणतीही नेहमीची शक्ती समुद्रात नाही.

मग राहिले दुसरे उत्तर: किनारा शिंपल्यांवरून चालत गेला. चालला म्हणजे नेमके काय झाले, हा या विषयाचा गाभा आहे, आणि तो पाहायला अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्याचा किनारा उत्तम आहे. तिथे मुख्य भूमीपासून दूर समुद्रात वाळूचे लांबलचक, अरुंद दांडे आहेत आणि त्यांच्या आड पॅम्लिको साउंड नावाचे विस्तीर्ण पण अतिशय उथळ खाजण आहे. (गोव्यात खाजण म्हणजे बांध घालून राखलेली खारी शेतजमीन, इथे हा शब्द शाळेच्या भूगोलातल्या अर्थाने, म्हणजे दांड्याआड अडलेले खारे पाणी या अर्थाने घ्यावा.) दांड्याच्या बाहेर अटलांटिकच्या लाटा आणि आत शांत पाण्यात कालव, अशी तिथली मांडणी आहे.

समुद्र चढू लागला की वादळी लाटा दांड्याच्या माथ्यावरून पलीकडे जातात आणि समोरच्या पुळणीची वाळू मागच्या बाजूला, खाजणात, पंख्यासारखी पसरतात. काही वेळा दांडा मधेच फुटून नवे मुख तयार होते आणि भरतीबरोबर त्यातून वाळू आत जाते. खळ्यावर धान्याची रास असावी आणि कोणीतरी तिच्या एका बाजूचे धान्य सुपाने उचलून दुसऱ्या बाजूला टाकत राहावे, तसा हा प्रकार आहे. काही वेळाने रास पूर्वीच्या जागेवर नसते, पण तिच्यातले दाणे तेच असतात. आणि रास पुढे सरकली की तिच्याखाली आधी झाकले गेलेले जे काही होते, ते मागच्या बाजूला उघडे पडते.

खळ्यावरच्या या राशीच्या जागी दांडा आणि झाकलेल्या वस्तूच्या जागी कालव ठेवून पाहिले की एका शिंपल्याचे सारे चरित्र समोर येते. कालव खाजणात जगले, मेले आणि चिखलात पुरले गेले. काही शतकांनी एका वादळात दांड्याची वाळू त्याच्यावर पसरली. पुढे दांडा पूर्णपणे त्याच्यावरून गेला. काही काळ त्याच्या माथ्यावर वाळूच्या टेकड्या आणि झुडपेही असतील. आणखी काही शतकांनी दांड्याची समुद्राकडची बाजू त्याच्यापाशी आली, लाटांनी चिखल खरवडला आणि खाजणात जन्मलेले कालव उघड्या समुद्राच्या पुळणीवर येऊन पडले. या सगळ्या काळात त्याने स्वतः कदाचित काही मीटरच अंतर कापले असेल. नॉर्थ कॅरोलिनाच्या समुद्राकडच्या पुळणींवर असे कालवांचे शिंपले आज सहज मिळतात, आणि हे दांडे आत सरकत आले आहेत याचा हा सर्वांत स्वस्त, खिशात घालून नेता येण्याजोगा पुरावा आहे.

या पुराव्याकडे थोडे बारकाईने पाहिले तर तो अधिक बोलका होतो. ऑक्सिजन नसलेल्या चिखलात दीर्घकाळ पुरलेल्या शिंपल्यावर लोहाच्या गंधकयुक्त संयुगाचा काळा रंग चढतो. नंतर तो उघड्यावर आला, हवा लागली, की गंजल्यासारखी तपकिरी छटा येते. पुळणीवर काळा कुळकुळीत शिंपला दिसला तर तो कालपरवा मेलेल्या जिवाचा नाही, हे बहुधा खरे असते. आणखी एक खूण आतल्या गुळगुळीत बाजूवर असते. तिथे बारीक पांढऱ्या शंकूंसारखे जीव चिकटलेले दिसले, तर शिंपला मेल्यानंतर काही काळ पाण्यात तळावर उघडा पडून होता; कारण प्राणी जिवंत असताना आतल्या बाजूवर कोणाला घर करता येत नाही.

दांडा पुढे निघून गेल्यावर मागे काय उरते, हा प्रश्न अजून बाकी आहे. लाटा किनाऱ्याच्या चेहऱ्याची काही मीटर, काही ठिकाणी जवळपास 10 मीटर जाडी तासून काढतात. गाळ वाहून जातो, वाळूचा बराच भाग दांड्याबरोबर आत जातो आणि जे जड, मोठे, न हलणारे असते ते तासलेल्या पृष्ठभागावर उरते. त्यात शिंपल्यांचाच भरणा असतो. किनारा जिथून जिथून गेला तिथे असा शिंपल्यांचा एक पातळ थर अंथरला जातो, आणि खडकांच्या प्राचीन थरांतही समुद्र चढल्याची जागा भूशास्त्रज्ञ याच खुणेने शोधतात. नांगरटीनंतर पाऊस पडला की माती वाहून जाऊन शेतात दगड उघडे पडतात. समुद्रतळावरचा हा थर त्या दगडांसारखाच आहे.

म्हणूनच या थरातले शिंपले एका वयाचे नसतात. खाजणाच्या चिखलातून वर आलेला 8,000 वर्षांचा कालव आणि गेल्या वर्षी मेलेला समुद्री शिंपला शेजारी शेजारी पडलेले असतात, आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पुळणींवर तर किरणोत्सारी कार्बनच्या आवाक्याबाहेरचे, 40,000 वर्षांपेक्षा जुने शिंपलेही मिळतात. तेव्हा थरातल्या एकाच शिंपल्याचे वय काढून संपूर्ण थराचे वय सांगणे धोक्याचे असते. शिवाय समुद्रातला कार्बन मुळातच काहीसा शिळा असल्यामुळे आज मेलेला शिंपलाही या पद्धतीत साधारण 400 वर्षे जुना भासतो, आणि तेवढी दुरुस्ती करून घ्यावी लागते.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यासमोर हीच कथा वेगळ्या वेषात दिसते. कोकणासमोर साधारण 50 मीटर खोलीपर्यंतच्या तळावर आजचा चिखल आहे. नर्मदा, तापी आणि कोकणातल्या खाड्यांनी आणलेला हा गाळ किनाऱ्यालगतच बसतो. त्याच्या पलीकडे, बाहेरच्या मंचावर, वाळू लागते. नेहमीचा अनुभव याच्या उलट असतो. किनाऱ्याजवळ जाड वाळू आणि खोलात बारीक चिखल अशी आपली अपेक्षा असते. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी हा बाहेरचा पट्टा तपासला, तेव्हा त्या वाळूत शिंपल्यांचे तुकडे, शेवाळांनी बांधलेला चुनखडक आणि कांद्यासारखे एकावर एक पापुद्रे असलेले चुन्याचे गोल दाणे मिळाले. असे दाणे फक्त उबदार, उथळ आणि सतत ढवळल्या जाणाऱ्या पाण्यात, म्हणजे थेट किनाऱ्यापाशी तयार होतात. आज ते 60 ते 100 मीटर खोलीवर आहेत आणि त्यांची वये 8,000 ते 12,000 वर्षांच्या आसपास निघतात. तो पट्टा म्हणजे बुडालेली पुळणच आहे. आजचा गाळ अजून तिथवर पोहोचलेला नाही, म्हणून ती उघडी दिसते एवढेच.

तिथे किनारा सर्वत्र अटलांटिकच्या दांड्यांसारखा रास सरकवत आला असेल, असे मला वाटत नाही. समुद्र फार वेगाने चढला तर वाळूला मागे सरकायला अवधीच मिळत नाही आणि दांडा जागच्या जागी बुडतो. चुन्याने घट्ट सांधलेली वाळू असेल तर हे आणखी सोपे होते. मंचाच्या बाहेरच्या भागात ज्या पायऱ्या आणि उंचवटे आढळतात, ते समुद्र थबकल्याच्या आणि मग एकदम पुढे गेल्याच्या खुणा मानले जातात.

आणि उलट दिशेची एक खूणही आपल्याकडे आहे. मुंबईच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी वाळू आणि शिंपले चुन्याने सांधून तयार झालेला खडक लागतो. त्याला करळ म्हणतात. तो काही ठिकाणी आजच्या भरतीरेषेच्या वर सापडतो आणि त्यातील शिंपले काही हजार वर्षांचे आहेत. समुद्र तेव्हा थोडा वर होता की जमीन थोडी उचलली गेली, हा वाद एकट्या शिंपल्यावरून मिटत नाही.

आज समुद्र पुन्हा चढतो आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून तो सुमारे 20 सेंटीमीटर वाढला, त्यातले जवळपास 10 सेंटीमीटर 1993 नंतरचे आहेत. यामुळे किनारा किती सरकेल याचा अंदाज बांधण्यासाठी पेर ब्रून या डॅनिश अभियंत्याने 1962 साली मांडलेला नियम अजूनही वापरला जातो: पाणी जेवढे चढेल त्याच्या साधारण 50 ते 100 पट पुळण मागे हटेल. नियम सुटसुटीत आहे आणि तोच त्याचा दोषही आहे. वाळू माथ्यावरून मागे जाते, किनाऱ्याच्या कडेकडेने वाहते, खाली कातळ लागतो, या गोष्टी त्यात बसत नाहीत. दर दोन-चार किलोमीटरवर काळ्या कातळाचे नाक समुद्रात घुसलेल्या कोकणात तो जसाच्या तसा लावणे तर मुळीच योग्य नाही. तिथे पुळणीला मागे सरकायला अनेक ठिकाणी जागाच नसते, कारण मागे डोंगर, माड-पोफळीची वाडी किंवा धूपप्रतिबंधक बंधारा असतो.

नॉर्थ कॅरोलिनात मात्र हे सरकणे पट्टीने मोजता येते. केप हॅटरस येथील दीपगृह 1870 साली उभे राहिले तेव्हा समुद्र त्याच्यापासून सुमारे 460 मीटर दूर होता. शंभर वर्षांत हे अंतर 40 मीटरांच्याही खाली आले. अखेर 1999 साली ते विटांचे दीपगृह पायापासून सोडवून, रुळांवरून इंचाइंचाने ढकलत, जवळपास 880 मीटर आत नेऊन ठेवण्यात आले. त्याच्या पाठीमागे पॅम्लिको साउंडच्या उथळ पाण्यात कालव आजही वाढतात, मरतात आणि चिखलात पुरले जातात. आणि पूर्वेकडून दांड्याची वाळू दर मोठ्या वादळात त्यांच्या दिशेने थोडी थोडी येत राहते.